चौथं गाणं

पास्टर डर्कनी दिलेला कागद साधा आहे.
पाच रकाने: शिव्या, दारू, लगट, हाणामारी, देवाची टवाळी.
खाली दोन बोटं रुंद चौकोन.
योग्य की अयोग्य, तेवढं लिहायचं, गुरुवारपर्यंत.
रविवारी चर्चच्या दारात तो आईबापांच्या हाती पडतो.

नऊ वर्षं हे काम माझ्याकडे.
आर्डिस पियानो शिकवते, तिला कान आहे, असं समितीचं मत.
डाव्या कानाने गेल्या हिवाळ्यापासून संप केलाय
हे मी समितीला कळवलेलं नाही.

टॅम्सिन वेलचा नवा अल्बम. अकरा गाणी.
कव्हरवर ती रिकाम्या तरणतलावाच्या तळाशी बसलीय,
पायात दोन वेगळे मोजे.
मोज्यांसाठी रकाना नाही.

हेडफोन चढवते, पेन्सिलीला टोक काढते.
बाहेर हॅरल्डच्या मक्यात कापणीचं यंत्र फिरतंय,
त्याची घरघर पहिल्या गाण्याच्या ड्रममध्ये अशी मिसळते
की कुठली कोणाची, कळू नये.

दुसऱ्यात शिव्या दोन. आणि एक अस्पष्ट.
मागे जाऊन पुन्हा ऐकते, पुन्हा, परत पुन्हा,
एकाहत्तर वर्षांची बाई, जीव कानात गोळा करून,
एक घाणेरडा शब्द नीट ऐकू यावा म्हणून.
तीन लिहिलं.

चौथं गाणं.
नुसता पियानो. पेडलवर पाय जरा जास्त.
ती म्हणते, कमी खाईन, कमी बोलेन,
तुझ्या कोटाच्या खिशात मावेन इतकी होईन,
मग तर नेशील ना मला सगळीकडे.
शिवी नाही. दारू नाही. कोणी कोणाला हात लावत नाही.
शेवटी प्रभूचं नाव येतं, तेही आदराने.
पाच रकाने, पाच शून्यं.
धुऊन फळीवर मांडलेल्या बशांसारखी
ती ओळीत उभी राहिली, आणि मी बघत राहिले.

मीही मावले होते एका खिशात, बहात्तर साली.
त्याचं नाव आता दगडावर आहे, सुबक अक्षरात,
शेजारी माझं. तारीख तेवढी कोरायची राहिलीय.
हे गाणं ऐकू नकोस, असं मला कोणी म्हणालं नाही.
म्हणणार कसं, ते तर घरोघर चालू होतं
रेडिओ बंद असतानासुद्धा.

नववं सगळ्यात वाईट.
पहाटे तीनला ती मैत्रिणीला फोन करते:
बूट राहू दे, चार्जर राहू दे, त्याला झोपू दे,
मी खाली गाडी चालू ठेवून उभी आहे, ये.
ओळीओळीत शिवी, दारावर मुठीने मारावी तशी.
एकोणीस मोजल्या.
विसावी माझी. ती कागदावर नाही.

चारला यारेली आली, तिच्या शिकवणीच्या वेळेला.
आई अंड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला, म्हणून ही नेहमी वेळेआधी.
टेबलावरचं कव्हर बघून म्हणाली, मिस आर्डिस, तुम्ही पण?
मी विचारलं, चौथं कसं वाटतं गं तुम्हाला?
ती सुरांची वही उघडत होती.
चौथं? ते बसमध्ये आम्ही पुढे ढकलतो.
ब्रिन असली की. ते लागलं की ती मग डबा उघडत नाही.
एवढं बोलून तिने सी मेजर धरला,
डावा हात नेहमीसारखा मागे.

म्हणजे मी निवडायला बसायच्या आधीच
मागच्या सीटवर कोणीतरी खडे वेचून टाकले होते.

रात्री कागद समोर घेतला.
नववं मुलींसोबत ऐका, असं लिहायला लागले,
शिव्यांना घाबरू नका, चौथ्याला मात्र
अक्षरं चौकोनातून निसटली, दारूवरून,
देवाच्या टवाळीवरून, कागदाच्या पाठीवर गेली.
पास्टर डर्क म्हणतील, आर्डिस, एक शब्द हवा होता.

एक शब्द आहे माझ्याकडे. ब्रिन.
तो मी लिहिलेला नाही.
तिच्या आईचा नंबर फ्रिजवर असावा,
मुलांच्या गायनवृंदाच्या जुन्या यादीत, भोपळ्याच्या चुंबकाखाली.
साडेनऊ म्हणजे फार उशीर नाही.
चष्मा कुठे ठेवला मी.